उजवीकडची सीट

नंदाकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, १२ मार्च २०२३

सुश्रुत,

विमान उडालं! आमच्या गॅरेजमध्ये आठ वर्षं तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं ते धूड काल सकाळी खरोखर जमिनीवरून उठलं. टेस्ट पायलट म्हणून एक अबोल स्कॉटिश गृहस्थ आले होते. पाऊण तास वर राहून उतरले, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "गुणी आहे. पण चपळ आहे. विमान पुढे आणि तुमचं डोकं मागे, असं कधी होऊ देऊ नका." ह्यांनी मान डोलावली, पण तोवर ते फोटो काढायला लागले होते.

शेपटीचं पहिलं खोकं आलं तेव्हा आमच्या अन्वीची शाळेतली जीसीएसई परीक्षा चालू होती. आता ती मँचेस्टरला डॉक्टर आहे. इतकी वर्षं दर शनिवारी हे बाहेरून रिव्हेट गन चालवायचे आणि मी पंखाच्या आत खांद्यापर्यंत हात घालून लोखंडी ठोकळा धरून उभी असायचे. हॉस्पिटलच्या फार्मसीत माझ्याबरोबरच्या मुली विचारायच्या, हातावर एवढे ओरखडे कसले? मी सांगायचे, मांजर आणलंय.

आता काम असं आहे. इन्शुरन्सवाले म्हणतात, जे कुणी हे विमान चालवणार त्यांनी याच प्रकारच्या विमानांची सवय असलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर ट्रेनिंग घ्यायला हवं. तू गेली दहा वर्षं हेच करतोयस. मे महिन्यात दोन-तीन दिवस काढून ब्रिस्टलहून ये आणि आम्हा दोघांनाही शिकव. 'दोघांनाही' हे मुद्दाम लिहितेय, कारण हे तुला फोन करतील तेव्हा म्हणतील, नंदाचं नंतर बघू. त्यांचं लायसन्स बावीस वर्षांचं आणि माझं चार वर्षांचं, हे मला मान्य आहे. पण माझंही लायसन्सच आहे ना?

मी लिहिलंय हे त्यांना सांगू नकोस. तुला आपणहून सुचलं असं दाखव.

ताई

सुश्रुतकडून राजीवला
ब्रिस्टल, ९ मे २०२३

राजीवभाऊजी,

तुमचा पाहुणचार नेहमीसारखाच जोरदार झाला. विमान सुरेख बांधलंय. बांधणीत नाव ठेवायला मला जागा सापडली नाही, आणि मी ती शोधत होतो.

तुमच्या उडवण्याबद्दल मात्र तोंडावर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही बावीस वर्षं क्लबची ट्रेनर विमानं उडवलीत. ती जाड पंखांची, सोशिक विमानं. हळू झालात तर थरथरतात, कुरकुरतात, वेळ देतात. तुमच्या विमानाचे पंख आखूड आहेत. वेग कमी ठेवून तीव्र वळण घेतलंत, तर ते काही न सांगता एका अंगाला कोसळतं. वर तीन हजार फुटांवर मी तुम्हाला ते दाखवलं होतं. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर तेच झालं, तर सावरायला खाली जागाच नसते.

नेमकं तिथेच तुम्ही चुकता. रनवेच्या समोरची सरळ रेघ ओलांडून पुढे जाता आणि मग ती पकडण्यासाठी स्टिक पोटाशी ओढता. दोनदा मला कंट्रोल्स हातात घ्यावे लागले. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "आलंच होतं माझ्या हातात." आलं नव्हतं. वळण चुकलं की पॉवर द्यायची, वर जायचं, एक फेरी मारून पुन्हा यायचं. तुम्ही एकदाही तसं केलं नाहीत.

माझ्यासोबत आणखी किमान दहा तास करा. तोवर एकट्याने उडू नका, आणि पॅसेंजर तर अजिबात नको.

ताईचं म्हणाल तर तिला आणखी दोन तास पुरेत. तिचा हात हलका आहे आणि वेग ती न बघता ओळखते. खरं सांगायचं तर तुमच्या घरातली पायलट तीच आहे.

सुश्रुत

राजीवकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, १० मे २०२३

प्रिय सुश्रुत,

तुझी ईमेल क्लिनिकमध्ये दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचली आणि इतका हसलो की नर्सने विचारलं, काय झालं?

तुझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे. आमच्या लग्नात तू सोळा वर्षांचा होतास आणि माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतंस की श्रीखंड आंबट आहे. तेव्हाही कुणी तुला विचारलेलं नव्हतं. माणसाचा स्वभाव बदलत नाही, फक्त टक्कल पडतं.

थोडं माझंही ऐक. तू आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं तपासत आलास. स्वतःचं एक तरी आहे का? माझं आहे. जागा माझी, हत्यारं माझी, डोकं माझं, आणि रजिस्ट्रेशनवर नाव माझं. अशा वेळी नेहमी खालच्या पट्टीत बोलणाऱ्या मेव्हण्याला अचानक मास्तर व्हावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. मत्सर हा मोठा शब्द आहे, म्हणून वापरत नाही.

नंदाबद्दल लिहिलेलं वाक्य मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लाल झाली. पॉटरी झाली, योगा झाला, तसं हे तिचं फ्लाइंग. छंदाला मी कधी आडवा आलो नाही. पण गोळ्या मोजणाऱ्या बाईला पायलट म्हणून तू तिचीच थट्टा केलीस. तिला तुझी दया कळते, तुला वाटतं तितकी ती भोळी नाही.

दहा तासांची गरज नाही. दुसरा इन्स्ट्रक्टर शोधला आहे. तो शहाणा माणूस आहे.

ऋजुताला आणि मुलांना प्रेम. दिवाळीत याच.

राजीव

नंदाकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, १८ जून २०२३

सुश्रुत,

ते शेवटचं वाक्य तू का लिहिलंस? बाकीचं सगळं त्यांनी पचवलं असतं. कदाचित चार शिव्या देऊन ते तुझ्याकडे परतही आले असते. त्या एका वाक्याने सगळं बिघडलं.

इन्शुरन्सवरून माझं नाव काढलंय. विचारलं तर म्हणाले, "कागदपत्रं कशाला वाढवायची?" तो नवा इन्स्ट्रक्टर एक दिवस आला, ह्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, पबमध्ये जेवला आणि सही करून गेला.

मागच्या शनिवारी मंडळातले मिलिंद आणि अरुणा जेवायला होते. मिलिंदने सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी नेताय आम्हाला वर?" हे म्हणाले, "नंदाचा हात फार स्थिर आहे हं. आठ वर्षं ठोकळा धरायची. आता डाव धरते. नंदा, कढी आण." सगळे हसले. मीही हसले आणि कढी आणली. अरुणा तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दर रविवारी मी उजवीकडच्या सीटवर बसते. चेकलिस्ट वाचते, रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलते. माझ्यासमोरही स्टिक आहे, पण मी हात मांडीवर ठेवते. तुझ्या पत्रानंतर हे आणखी हळू यायला लागलेत. मुद्दाम. रनवेच्या अगदी तोंडाशी चाक टेकवायचं आणि अर्ध्या रनवेत थांबून दाखवायचं. मग म्हणतात, "लिही तुझ्या भावाला." गेल्या रविवारी शेवटच्या वळणावर माझ्या बाजूची खिडकी पूर्ण झाडांनी भरली. मी म्हटलं, "अहो, वर घ्या, परत येऊ." तर म्हणाले, "परत फिरायला मी काय शिकाऊ आहे?"

तू म्हणशील, बसू नकोस. मी नाही बसले तर एकटे जातील. मी असले तर निदान वेगाच्या काट्याकडे कुणीतरी बघत असतं.

ताई

सुश्रुतकडून नंदाला
ब्रिस्टल, १९ जून २०२३

ताई,

बसू नकोस.

हे वाचूनही तू बसणार, म्हणून पुढचं लिहितो. उतरताना वेग पंचाहत्तर नॉट्स हवा. वळणात काटा सत्तरच्या खाली आला तर बोलायचं नाही, विचारायचं नाही, 'अहो' म्हणायचं नाही. डाव्या हाताने थ्रॉटल पूर्ण पुढे, उजव्या हाताने स्टिक पुढे, पंख सरळ, आणि मग वर. मे महिन्यात तू हे माझ्यासमोर न चुकता केलंयस. विमान तुझं ऐकेल. भाऊजी तुला कधी माफ करणार नाहीत, पण त्यासाठी दोघं जिवंत असायला हवीत.

त्या सीटवर बायको म्हणून बसायचं असेल तर घरी थांब. बायको अर्धा सेकंद जास्त घेते.

आणि त्यांना एकटं जायचं असेल तर जाऊ दे. हे वाक्य मी विचार करून लिहिलंय.

त्या ईमेलमधलं शेवटचं वाक्य खरं होतं. मला ते लिहायची गरज नव्हती, हेही खरं. मला ते लिहावंसं वाटलं.

सुश्रुत

राजीवकडून सुश्रुतला
हॉस्पिटलमधून, १४ सप्टेंबर २०२३

प्रिय सुश्रुत,

हे फोनवर बोलून लिहितो आहे. हाताची बोटं अजून ऐकत नाहीत. पायांचं तर डॉक्टरांनी बोलणंच बंद केलंय. मान मोडली की काय काय जातं, याची यादी इथे फार प्रेमाने समजावून सांगतात.

तू दोनदा येऊन गेलास, पण नंदा खोलीत होती म्हणून बोललो नाही. तिचं हाडांचं दुखणं बरं आहे. खांद्याचं हाड जुळलं, बरगड्या जुळल्या. ती रोज येते. माझे केस विंचरते, दाढी करते, पेपर वाचून दाखवते. तिच्याविषयी माझ्या मनात काहीही वाईट नाही, हे आधी सांगतो.

अपघाताचा तपास करणारे लोक तुला फोन करतील. तू आम्हा दोघांना मे महिन्यात तपासलं होतंस हे त्यांना कळलंय. त्या दिवशी माझ्या हातात सगळं व्यवस्थित होतं. वळण थोडं घट्ट होतं, पण मी ते केलं असतं. नंदाने घाबरून स्टिक पकडली. विमान एका अंगाला गेलं ते त्यामुळे.

तुला खोटं बोलायला सांगत नाही. एवढंच सांग की ती थोडी नर्व्हस असते, पटकन बिचकते. ते काही खोटं नाही, झुरळ दिसलं तरी ती खुर्चीवर चढते. यात तिचं काय जाणार आहे? ती काही पुन्हा उडणार नाही. पण माझं नाव आहे, क्लिनिक आहे, क्लबमध्ये बावीस वर्षं आहेत. चाळीस जण मला भेटायला येऊन गेले. त्या सगळ्यांनी रिपोर्ट वाचायचा, आणि मी या पलंगावर पडून त्यांची तोंडं बघायची?

नंदाला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.

राजीव

सुश्रुतकडून नंदाला
ब्रिस्टल, १५ सप्टेंबर २०२३

ताई,

भाऊजींची काल आलेली ईमेल खाली जशीच्या तशी जोडली आहे. रात्रभर ठेवून बघितली. ऋजुता म्हणाली, पाठवू नकोस, ती रोज त्या माणसाची दाढी करतेय. मी पाठवतोय ते त्यासाठीच.

तपास करणाऱ्यांचा फोन येऊन गेला. मे महिन्यात जे पाहिलं ते मी सांगितलं, भाऊजींचं आणि तुझंही. त्यात तू कुठेही बिचकणारी नाहीस.

आता तू निघून ये. अन्वी मोठी आहे. भाऊजींना नर्स मिळतील, चांगली सोय होईल. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. तीस वर्षं कढी वाढलीस, पुरे झालं.

सुश्रुत

नंदाकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, २ ऑक्टोबर २०२३

सुश्रुत,

ईमेल वाचली. उशीर झाला कारण हे घरी यायचे होते. जिना बंद करून खालच्या हॉलमध्ये पलंग लावला, दारं रुंद करून घेतली.

त्या दिवशी काय झालं ते तुला लिहिते. परत विचारू नकोस.

वारा पाठीमागून वळणात ढकलत होता. रनवेची रेघ ओलांडली. ह्यांनी ओढायला सुरुवात केली. काटा सत्तरवर आला आणि मी तू सांगितलंस तसं केलं. काही बोलले नाही. थ्रॉटल पुढे गेला, इंजिन ओरडलं. स्टिकही पुढे जायला लागली होती. तेवढ्यात ह्यांनी कोपराने मला मारलं. इथे, छातीवर. आणि माझी बोटं स्टिकवरून एकेक करून उचकटली. "गप्प बस," म्हणाले. मी एक शब्दही बोलले नव्हते. मग त्यांनी पुन्हा पोटाशी ओढलं आणि डावा पंख गेला. खाली मोहरीचं शेत होतं.

हॉस्पिटलमध्ये मला वाटायचं, त्यांना ते आठवत नसेल. डोक्याला मार लागलाय, वळण आठवतं पण पुढचं पुसलं गेलं असेल. म्हणून मी तो विषय कधी काढला नाही. तू पाठवलेली ईमेल वाचून कळलं की आठवतंय. ज्याला आठवत नाही तो माणूस 'नंदाला सांगू नकोस' कशाला लिहील?

मी येणार नाही. लोक काय म्हणतील वगैरे कारण नाही. ऋजुताला सांग, खोली भाड्याने द्या.

एक मागते. माझे ते उरलेले दोन तास दे. डॉक्टरांनी परवानगी दिली की मी येते.

ताई

नंदाकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, २१ एप्रिल २०२४

सुश्रुत,

कालपासून मी पुन्हा पायलट आहे, तेही आमच्या मोडलेल्या विमानासारख्याच विमानाची! आमच्याच एअरफील्डवर एका ग्रुपकडे त्याच जातीचं, निळ्या पट्ट्याचं विमान आहे. त्यांच्यातला एक जण स्पेनला गेला आणि त्याच्या जागी त्यांनी मला घेतलं. सगळ्यांनी तुझं सर्टिफिकेट बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

तू दोनऐवजी बारा तास घेतलेस. तेव्हा राग आला होता, आता नाही. काल आडवा वारा होता. वळण जरा पुढे गेलं, तर लगेच पॉवर दिली, फेरी मारून परत आले. दुसऱ्यांदा मऊ टेकलं. क्लबहाउसमधल्या बाईने चहा आणून दिला.

अपघाताचा रिपोर्टही आला. पायलटने वळणात वेग राखला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी तो ह्यांना वाचून दाखवला, रोज पेपर वाचते तसा. त्यांनी पूर्ण ऐकला.

ह्यांची तब्येत चांगली आहे. उन्हाळा आला की दर रविवारी मी त्यांना सोबत एअरफील्डवर नेणार आहे. दिवसभर त्या हॉलमध्ये पडून माणूस कंटाळतो. तेवढीच मोकळी हवा.

ताई

अन्वीकडून सुश्रुतला
मँचेस्टर, ३० जून २०२४

मामा,

तू म्हणतोस मराठीत लिही नाहीतर विसरशील, म्हणून ट्राय करते. हसू नकोस.

मी आज सरप्राइज म्हणून गाडी घेऊन घरी गेली. कोणी नव्हतं, म्हणून एअरफील्डवर गेली. बाबा कुंपणच्या जवळ व्हीलचेअरमध्ये होते. एकटे. खूप वारा होता. चेअरचं तोंड त्या साइडला होतं जिथे ते शेत आहे, तुला माहीत आहे कुठलं. आई वर होती. ती सर्किट करत होती, म्हणजे वर, गोल, खाली, परत वर. प्रत्येक वेळ ती बाबाच्या डोक्यावरून त्या वळणमध्ये येते.

बाबा रडत होते. त्यांना डोळे पण पुसता येत नाही. मला बघून म्हणाले, "अन्वी, मला घरी ने." मी ब्रेक काढली आणि चेअर फिरवली. तेवढ्यात आई लँड होऊन चालत आली, एकदम शांत. माझ्या गालाला हात लावला, म्हणाली, "कधी आलीस? जेवलीस का?" आणि वाकून ब्रेक परत लावली. म्हणाली, "अजून दोन राउंड आहेत."

मी म्हटलं, "आई, he's crying." तर म्हणाली, "वाऱ्याने पाणी येतं डोळ्यात. गॉगल आणायला हवा."

मामा, मी डॉक्टर आहे. मी वॉर्डवर असे लोक बघितले जे घरी पेशंटला मारतात, उपाशी ठेवतात. मी घरी जाऊन बाबाची पूर्ण अंग चेक केली. एक पण बेडसोर नाही. वजन बरोबर. नखं कापलेली. औषध टाइमवर. नर्स मला म्हणाली, तुझ्या आईसारखा केअर मी कधी बघितला नाही.

मला माहीत आहे कुणाला रिपोर्ट करायचं असतं. पण मी काय लिहू? की माझी आई माझ्या बाबाला रविवारी बाहेर नेते?

तू बोल तिच्याशी. ती फक्त तुझं ऐकते.

अन्वी

सुश्रुतकडून नंदाला
ब्रिस्टल, २ जुलै २०२४

ताई,

अन्वीने मला सगळं लिहिलंय. तिच्यावर रागावू नकोस.

काल भाऊजींचाही मेसेज आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'प्लीज' म्हटलं. ते म्हणतात, त्या दिवशीचं जे काही असेल ते मी सगळ्यांसमोर मान्य करतो. मंडळात सांगतो, क्लबमध्ये सांगतो, तू सांगशील तिथे सांगतो. फक्त नंदाला म्हणावं, रविवारी मला नेऊ नको.

ताई, तू जिंकलीस. आता थांब.

त्यांची ईमेल मी तुला पाठवली ती तू सुटावीस म्हणून. बारा तास शिकवलं ते तुला आनंद मिळावा म्हणून. या सगळ्याचं तू असं काहीतरी करशील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी तुला ओळखतो असं मला वाटत होतं. ज्या माणसाला मानही वळवता येत नाही, त्याला त्या शेताकडे तोंड करून बसवायचं? तू? घरात पाल मारू द्यायची नाहीस तू.

त्यांना घरी राहू दे. तू उड, हवी तेवढी उड. त्यांना बघायला लावून तुला काय मिळतं?

सुश्रुत

नंदाकडून सुश्रुतला
कॉव्हेंट्री, ७ जुलै २०२४

सुश्रुत,

मान्य करतो म्हणाले, ते मलाही म्हणाले. मी म्हटलं, कशाला? रिपोर्टमध्ये आहेच. मंडळात सांगून काय होणार? मिलिंद आणि अरुणा येतील, आमच्या सोफ्यावर बसतील आणि माझ्याकडे बघून वाईट वाटून घेतील. मला ते नको आहे.

तू विचारतोस काय मिळतं. मी विचार करून बघितला. बक्षीस म्हणावं असं काही मिळत नाही. सकाळी पाचला उठून मी त्यांना कूस बदलून देते. अंघोळ घालते, पावडर लावते, लघवीची पिशवी बदलते. उपम्याचे घास करून भरवते, प्रत्येक घास फुंकून. कधी आवाज चढवला नाही. तू येऊन बघ. आठवडाभर मी जी असते ती तुझी ताईच असते. रविवारी दोन तास मी दुसरी असते, एवढंच.

वर गेले की त्यांची आठवणही येत नाही. ढग असतात, रेडिओ असतो, हात आपोआप चालतात. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. शेवटच्या वळणावर मात्र खाली ती खुर्ची दिसते. तेव्हा काटा पंचाहत्तरवर असतो. मी रेघेवर सरळ उतरते. दर वेळी.

त्यांनी माझी बोटं उचकटली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी रोज विचार करायचे. आता करत नाही. आता विचार करायची पाळी त्यांची आहे.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू मला सोडवायला आलास आणि मी सुटले. कुठे जायचं ते मी ठरवलं.

आजही नेलं होतं. अन्वीला म्हटलं होतं तसा गॉगल घातला, शाल पांघरली, कॉलर वर केली. हवा स्वच्छ होती, दूरपर्यंत दिसत होतं. मी चार फेऱ्या केल्या. शेवटची तर अशी टेकली की चाकांना कळलं नसेल. इंजिन बंद करून त्यांच्याकडे गेले.

म्हटलं, "अहो, कसं झालं?"

गॉगलच्या काचा काळ्या आहेत, आत काही दिसत नाही.

"बघितलंत ना?"

"नाही," म्हणाले. "मी डोळे मिटून घेतले होते."

मी गॉगल काढला, रुमालाने त्यांचे डोळे पुसले आणि गॉगल माझ्या खिशात ठेवला. शाल घसरली होती ती नीट खोचली.

"असू दे," म्हटलं. "टाकीत अजून पेट्रोल आहे." आणि परत विमानाकडे चालत गेले.

ताई